जाड टायरांची सायकल

सायकल म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची आणि सळयांच्या ब्रेकची सायकल. तिच्या अंगावर शोभा असलीच तर मडगार्डावरची एक पांढरी पट्टी आणि पुढे कंपनीचा बिल्ला. अमेरिकेत मात्र याच यंत्राने १९३३ नंतर निराळाच अवतार धारण केला. सव्वीस इंची चाके, दोन इंचांहून रुंद टायर, स्वाराकडे ओढून घेतलेले प्रशस्त हँडल, स्प्रिंगांवर बसविलेली ऐसपैस सीट, वरच्या दोन नळ्यांच्या मध्ये मोटारसायकलीच्या टाकीची आठवण करून देणारी पोकळ पेटी, आणि दोन-तीन रंगांत झळकणारे अंग. पुढील काळात या घाटाच्या सायकलीस ‘क्रूझर’ हे नाव मिळाले. आज अनेक हौशी कारागीर अडगळीतील जुन्या फ्रेमी मिळवून, अथवा नव्या फ्रेमींना जुने रूप देऊन, अशा सायकली घरच्या घरी बांधतात. हा रंगीबेरंगी छंद ज्या वस्तूपासून निघाला, ती वस्तू जन्मली मात्र एका बुडत्या धंद्याच्या धडपडीतून.

हार्डहाइम या जर्मन गावी १८६० साली जन्मलेला इग्नाझ श्विन हा यंत्रकुशल माणूस १८९१ मध्ये शिकागोस आला. मांसाचा व्यापार करणाऱ्या अडॉल्फ आर्नोल्ड याच्या भांडवलावर त्याने १८९५ मध्ये सायकलींचा कारखाना काढला. मुहूर्त मोठा चांगला होता. अमेरिकेत सायकलींचे वेड शिगेला पोचले होते. शतक संपताना वर्षाला दहा लाखांहून अधिक सायकली तयार होत होत्या. परंतु वेड जसे आले तसेच ओसरले. दहा वर्षांत हा आकडा दोन लाखांच्याही खाली घसरला. मोठ्या माणसांनी मोटार जवळ केली आणि सायकल मुलांच्या वाट्यास गेली. श्विनने मोटारसायकलींच्या धंद्यात उडी घेतली, त्यात नावही मिळविले. परंतु १९२९ नंतरच्या मंदीने तोही धंदा खाल्ला आणि १९३१ मध्ये तो बंद करावा लागला. उरला तो पुन्हा सायकलीचाच कारखाना, आणि त्याची धुरा आता मुलगा फ्रँक श्विन याच्या खांद्यावर आली.

त्या वेळची अमेरिकन सायकल कशी होती हे पाहिले म्हणजे त्याच्या निर्णयाचे मोल कळते. तिचे टायर अरुंद आणि एकजीव असत, म्हणजे ट्यूब आणि बाहेरचे आवरण निराळे नसे. सारा टायर रिमला चिकटविलेला. आपल्याकडे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूब काढून पाण्यात बुडवितो, बुडबुडा पाहतो आणि ठिगळ लावतो. अमेरिकन मुलाच्या नशिबी ही सोयही नव्हती. माल बहुतेक मोठ्या दुकानांच्या नावाने विकला जाई. दुकानदार किंमत खाली ओढीत आणि कारखानदार दर्जा खाली नेत. फ्रँक श्विनने जर्मनीत रुंद टायरांच्या सायकली पाहिल्या होत्या. तसे टायर बनविण्यास अमेरिकेतील रबर कारखानदार प्रथम राजी नव्हते. तेव्हा माल परदेशातून आणण्याचा धाक घालून त्याने त्यांना वळविले. १९३३ मध्ये सव्वादोन इंचांस थोडे कमी, म्हणजे २.१२५ इंच रुंदीचे, आत स्वतंत्र ट्यूब असलेले टायर घालून श्विनची सायकल बाजारात आली. मोटारीच्या फुगीर टायरांवरून यांनाही ‘बलून टायर’ हेच नाव पडले. दाब कमी, हवा भरपूर. फुटपाथची कड असो की खडीचा रस्ता, धक्का टायरातच जिरे. प्रतिस्पर्ध्यांनी आधी नाके मुरडली आणि दोन-तीन वर्षांत तेच टायर स्वीकारले.

शोभा आली ती या टायरापाठोपाठ. जाड टायरास जाड फ्रेम हवी, आणि जाड फ्रेमीवर काहीही चढविता येते! १९३४ मधल्या ‘एरोसायकल’वर विमानाच्या धडाची छाया होती. पेटीत बॅटरी आणि हॉर्न, मडगार्डावर दिवा, मागे कॅरिअर. १९३८ मध्ये पुढच्या चिमट्यास स्प्रिंग आली. अशी सायकल वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाई, आणि गिअर एकच. चढावर ती मुलाचा घाम काढी, यात शंका नाही. पण तिचा खरा ग्राहक असलेला वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा खुशीत होता. हँडलावर कागदांची जड थैली, दोन्ही हात गुंतलेले, आणि थांबण्यासाठी पेडल उलटे दाबले की पुरे, कारण ब्रेक मागच्या हबमध्येच असे. वजन, रुंदी आणि तो ब्रेक या तिन्हींची गरज त्या थैलीने सिद्ध केली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा थाट काही काळ टिकला. १९४९ मधली श्विनची ‘ब्लॅक फँटम’ ही काळ्या रंगाची आणि क्रोमने मढविलेली सायकल त्याचे शिखर होय. पण इंग्लंडहून आलेल्या हलक्या, तीन गिअरच्या सायकली चालवून पाहणाऱ्यास जुना बोजा नकोसा झाला. १९६० नंतर मुलांचीही आवड पालटली. कॅलिफोर्नियातील मुले वीस इंची चाकांच्या लहान सायकलींना उंच हँडल आणि लांबट सीट लावून हिंडत होती; ते पाहून श्विनच्या अल फ्रिट्झ याने १९६३ मध्ये ‘स्टिंग-रे’ काढली. कारखान्याने गिऱ्हाइकांच्या खटपटीवरून माल बेतला, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढच्या खेपेस त्यास तसे साधले नाही.

तोवर जाड टायरांच्या सायकली भंगारात आणि परसातील छपरात जाऊन पडल्या होत्या. त्यांचा उद्धार कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी झाला. समुद्रकिनाऱ्यावर लाटांवर खेळणाऱ्या तरुणांना वाळूत न रुतणारी आणि गिअर-तारांची कटकट नसलेली सायकल हवी होती. दुसरीकडे, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन काउंटीच्या डोंगरात काही मित्र युद्धपूर्व श्विनच्या फ्रेमी शोधू लागले. पेटी, मडगार्डे, दिवा, सारे उतरवून ते उरलेल्या सांगाड्यावर बसून कच्च्या वाटेने उतार गाठीत. एका उताराचे नाव ‘रीपॅक’ पडले. खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून ते पुन्हा भरावे लागे. तेथील पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. मग कोणी गिअर बसविले, कोणी मोटारसायकलीच्या ब्रेकच्या मुठी लावल्या. माउंटन बाइकचा जन्म असा, दुसऱ्यांनी टाकलेल्या लोखंडातून झाला.

आजचा बांधणारा या दोन्ही परंपरांचा वारस आहे, आणि त्यामुळे त्याच्यापुढे पेचही दुहेरी आहे. कामाचा भाग कठीण असला तरी शिकता येतो. जुन्या अमेरिकन सायकलीचे दोन्ही क्रँक आणि मधला दांडा एकाच तुकड्याचे असतात. डावे पेडल काढून ते सारे उजवीकडून ओढून घ्यावे लागते, आणि डाव्या बाजूचे आटे उलटे असल्याने नवशिका तेथेच जोर लावून ते बिघडवितो. काही जुन्या सायकलींची चेन एक इंच अंतराची असते; तीवर आजचे दातेचक्र चालत नाही. टायरांचा घोटाळा तर पुरता फसविणारा. श्विनच्या काही सायकलींवर २६ गुणिले १¾ असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते. दशांशात लिहिलेला २६ गुणिले १.७५ हा टायर गणिताने तोच वाटतो. परंतु पहिल्याच्या रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ५७१ मिलिमीटर, दुसऱ्याच्या ५५९. बारा मिलिमीटरांनी सारे गणित चुकते. मागच्या हबच्या ब्रेकची पट्टी फ्रेमीस पक्की आवळणे विसरले, तर ब्रेक दाबताच ती गरकन फिरते; येथे हयगय म्हणजे जिवाशी गाठ.

खरा पेच रंगाचा आहे. गंजाने खाल्लेली, पण मूळ रंग आणि हाताने ओढलेल्या बारीक रेघा अंगावर वागविणारी फ्रेम हाती आली, तर ती घासून नवी करावी की आहे तशी जपावी? संग्राहक म्हणतो, मूळ रंग एकदाच असतो. घासला की साक्ष गेली. बांधणारा म्हणतो, मॅरिनच्या मित्रांनी साक्षीचा एवढा विचार केला असता तर डोंगरावर एकही सायकल गेली नसती. दोघेही खरे बोलतात. तरीही पूर्ण सापडलेली युद्धपूर्व सायकल कापून तिची आणखी एक शोभेची गाडी करणे हा अपव्ययच. त्या कामासाठी मोडक्या फ्रेमी आणि नव्याने घडविलेल्या फ्रेमी पुरेशा मिळतात.

ज्या कारखान्याने हे रूप दिले त्यास मात्र त्याचा लाभ झाला नाही. डोंगरातल्या खटपटीकडे त्याने वेळीच पाहिले नाही. १९८० मध्ये शिकागोत संप झाला, १९८३ मध्ये तेथील कारखाना बंद पडला आणि १९९२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. श्विन कुटुंबाची मालकी संपली आणि कचेरी शिकागोहून कोलोरॅडोतील बोल्डर येथे हलली. नव्या मालकांनी १९९५ मध्ये कंपनीच्या शताब्दीनिमित्त ब्लॅक फँटम जुन्या थाटात पुन्हा काढली; तिचे गिऱ्हाईक बहुतेक वयस्कर होते. मॅरिनमधील जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरासाठी मुद्दाम नवी घडविलेली पहिली फ्रेम आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नळ्या नव्या, सांधे नवे. रिम मात्र ५५९ मिलिमीटरांची, १९३३ च्या बलून टायराची.