जालन्यातला घट: दसरा काढणीचा सण की पेरणीचा?

घटस्थापनेच्या सकाळी जालना जिल्ह्यातल्या गावांमध्ये घरातलं कुणीतरी शेतात जातं आणि टोपलीभर काळी माती घेऊन येतं. ती माती पत्रावळीवर पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा असं घरातलं धान्य पेरायचं आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. वर रोज एक माळ. दसऱ्यापर्यंत कोंब चांगले वर येतात. त्यांना म्हणतात ‘धन’. ते देवाला वाहतात आणि टोपीत खोवतात.

जगभरातले शरद ऋतूतले सण सुगीतून आले, असं आपण नेहमी वाचतो. ते खरंही आहे. कोरियात चुसोकला नव्या तांदळाचे सोंगप्योन करतात, ज्यूंचा सुक्कोत पीक गोळा करण्याचा सण आहे, जर्मनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये धान्य आणि भोपळे मांडतात. अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, तर कॅनडात थंडी लवकर येत असल्यानं तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच उरकतात.

यातले बरेच सण चंद्रावर चालतात. २०२५ मध्ये तर ६ ऑक्टोबरच्या एकाच रात्री आपली कोजागरी, कोरियाचा चुसोक, चीनचा मध्यशरद उत्सव आणि सुक्कोतची सुरुवात असं सगळं जुळून आलं. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. ती तूट अधिक महिना घालून भरली नाही, तर दसरा सरकत सरकत ऐन उन्हाळ्यात जाईल. त्यामुळे आपल्याकडे तारीख मागंपुढं होते, पण ऋतू सुटत नाही. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला.

आता फरक बघा. थंड देशांत शरदानंतर शेत झोपतं, म्हणून तिथला सण वर्ष संपल्याचा असतो. मराठवाड्यात वर्ष तेव्हा अर्ध्यावर आलेलं असतं. एकीकडं खरिपाची काढणी, दुसरीकडं रब्बी ज्वारीची पेरणी, मागोमाग हरभरा आणि गहू. कोकणात भात निघतं, म्हणून अश्विन पौर्णिमा तिथं ‘नवान्न पौर्णिमा’ होते आणि दाराला भाताच्या लोंब्या बांधतात. जालन्याच्या घटात मात्र पुढं पेरायचं बी असतं.

घट ही बियाण्याची चाचणी म्हणूनच सुरू झाला, असं व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी फिरतं. इतकं ठाम बोलायची गरज नाही. देवीची पूजा ही आधी पूजाच आहे. पण चाचणी तिच्यात आपोआप होते. मातीचं मडकं पाझरतं आणि भोवतीची माती ओलसर राहते. देवघरात उजेड कमी, म्हणून कोंब हिरवे न होता पिवळे पडतात. दिवसही जुळतात: बियाण्याच्या प्रयोगशाळेत गव्हाच्या उगवणीची शेवटची मोजणी ८ व्या दिवशी करतात, ज्वारीची १० व्या. कुणाचं धन दाट आलं, कुणाचं विरळ, हे घरातल्या जाणत्यांना न मोजता दिसतं.

हे जालन्यात घडावं यात गंमत आहे. बियाणं हा या शहराचा मोठा धंदा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथंच महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं.

पीक मात्र बदललं. खरिपात आता कापूस आणि सोयाबीनचं राज्य आहे. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन साधारण शंभर दिवसांत, म्हणजे बरोबर दसरा-दिवाळीच्या मध्ये निघतं. पोरांचे कपडे, किराणा, हरभऱ्याचं बियाणं, खत, सगळा खर्च त्याच्याच भरवशावर. अडचण अशी की नुकत्याच काढलेल्या सोयाबीनमध्ये ओलावा असतो आणि हमीभावाच्या खरेदीला मर्यादा १२ टक्क्यांची. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. पण दिवाळी तोंडावर आलेला माणूस माल वाळेपर्यंत थांबत नाही, व्यापारी देईल त्या भावात घालतो. एरवी पिकाला धरून बसवलेला सण इथं पिकाच्या भावावर बसतो. सरकारलाही हे दिसतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, पण तोवर लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं.

२०२५ मध्ये तर ऐन नवरात्रात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. घटाला माती आणायची तर अनेकांच्या रानात पाणी उभं होतं. शेंगेतच भिजलेलं सोयाबीन विकायला जसं वाईट, तसं पुढच्या वर्षी बी म्हणून ठेवायलाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारींचा मराठवाड्यात पूर आला होता, ते शेतकरी विसरलेले नाहीत.

म्हणून कृषी खातं पेरणीआधी एक घरगुती चाचणी करायला सांगतं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरानं उघडून मोजायचं. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बी चांगलं. कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं.