नवीन प्रोग्रामिंग लँग्वेज शिकायचीय? मोबाईलवर कापसाचा हिशोब करून बघा

"आधी पायथन शिकू की जावा?" हा प्रश्न वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या कॉलेजांतही चालतोच. मग एक कोर्स अर्धवट, दुसऱ्याचे चार व्हिडिओ, आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम एकही नाही! त्यापेक्षा ओळखीचं एक छोटं काम घ्या आणि ते नवीन लँग्वेजमध्ये स्वतः करा. हाताने काम करत शिकण्याचा विचार गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला होता. कोडिंगलाही तो लागू पडतो.

1. पहिला प्रोग्राम

लॅपटॉप नसला तरी चालेल. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड 3 हे ॲप घ्या. एकदा इन्स्टॉल झालं की साधे प्रोग्राम इंटरनेटशिवाय चालतात. त्यात हे टाइप करा (भाव उदाहरणापुरता):

वजन = 12.5
भाव = 7000
रक्कम = वजन * भाव

चौथ्या ओळीत प्रिंट ही कमांड इंग्रजी स्मॉल अक्षरांत लिहून कंसात रक्कम हा शब्द द्या. उत्तर येईल 87500.0. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं मराठीत चालतात. कमांड आणि कोडमधले आकडे मात्र इंग्रजीच हवेत.

2. एरर नाही, तरी उत्तर चूक

आता इनपुट कमांड वापरून दोन गाड्यांचं वजन विचारा. 12 आणि 8 क्विंटल टाकून बेरीज करा. उत्तर 20 नाही, 128 येईल! कारण इनपुटमधून आलेली गोष्ट पायथनसाठी आकडा नसतो, मजकूर असतो. त्याने दोन मजकूर शेजारी-शेजारी जोडले. दोन्ही वजनं फ्लोट कमांडने आकड्यात बदला, की 20.0 येईल.

म्हणजे प्रोग्राम चालला की तो बरोबर आहे, असं नसतं. हिशोब आधीच माहीत असलेली काट्याची जुनी पावती घ्या आणि उत्तर ताडून बघा.

3. दुसरी लँग्वेज शिकताना

हाच हिशोब आता जावास्क्रिप्टमध्ये लिहा. वजन प्रॉम्प्टने विचारलं तर बेरीज इथेही 128 येते. पण 12 आणि 7000 हे दोन मजकूर गुणले, तर जावास्क्रिप्ट स्वतःच त्यांचे आकडे करून 84000 देते. पायथन तिथे टाइप एरर देऊन थांबतं. काम तेच असल्यामुळे असा फरक लगेच दिसतो आणि लक्षात राहतो. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, फंक्शन या कल्पना दोन्हीकडे सारख्याच, त्या पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागत नाहीत.

4. लक्षात ठेवा

- कोड कॉपी-पेस्ट करू नका, टाइप करा.
- पायथनची एरर आली तर शेवटची ओळ आधी वाचा. काय बिघडलं ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.
- एआय ॲपकडून कोड लिहून घेण्यापेक्षा आपली एरर समजून घ्या.
- पैसे भरण्याआधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर बघा. तिथे प्रोग्रामिंगचे मोफत धडे आहेत, मराठी निवेदनातले सुद्धा. धडा थांबवत-थांबवत सोबत स्वतः करत जा.
- हिशोब पूर्ण होईपर्यंत लँग्वेज बदलू नका.

पुढची पायरी: हमाली वजा करा, लूप लावून दहा गाड्या घ्या, मग त्याचं फंक्शन बनवा. एवढं न बघता जमलं, की दुसरी लँग्वेज खुशाल उघडा.