परदेशात बिऱ्हाड हलवताना कस्टम ड्युटी कशावर लागते, कशावर नाही?

सोलापूर : एकटा माणूस बॅग उचलून परदेशात गेला आणि दोन वर्षांनी सुट्टीला आला, एवढ्यावर आता भागत नाही. दुबई, मस्कत, सौदीला कामाला लागलेला मुलगा हात बसल्यावर बायको-मुलांना बोलावून घेतो. पुण्यात आयटीत लागलेली बार्शी, पंढरपूरकडची पोरं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला संसारासकट जातात. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंग आणि इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलांच्या तोंडीही जर्मनीचे नाव आहे. घर हलवायचे ठरले की पहिला प्रश्न तोच असतो. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, देव्हारा, मिक्सर पाठवला तर तिकडे टॅक्स बसतो का?

थोडक्यात उत्तर असे, की तिकडे राहायलाच जाणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या, वापरलेल्या घरसामानावर बहुतेक देश ड्युटी घेत नाहीत. पण ही माफी त्या सामानाला नसते, माणसाला असते. घोटाळा होतो तो इथेच. तेच कुकर, त्याच चादरी दुसऱ्याच्या नावाने, नव्या कोऱ्या किंवा दुसऱ्या कुणासाठी म्हणून गेल्या की तो माल ठरतो आणि मालावर ड्युटी लागते.

कोणत्या देशात काय अट

आखाती देशांचा कस्टम कायदा सगळ्यांचा मिळून एकच आहे. पहिल्यांदा राहायला येणाऱ्या परदेशी माणसाचे वैयक्तिक आणि वापरलेले घरसामान त्यात माफ आहे. माफीत न बसणाऱ्या मालावर दुबई-अबुधाबीत साधारण 5 टक्के ड्युटी आणि वर 5 टक्के व्हॅट पडतो. सौदीत व्हॅट 2020 पासून 15 टक्के आहे. प्रवाशासोबतच्या भेटवस्तू अमिरातीत 3,000 दिरहमपर्यंत चालतात. सामान सोडवताना राहण्याचा व्हिसा दाखवावा लागतो. म्हणून व्हिसा हातात पडायच्या आधी बोटीने सामान रवाना करणे म्हणजे बंदरावर भाडे भरत बसणे.

जर्मनी आणि बाकी युरोपीय संघात अटी काटेकोर आहेत. माणूस त्याआधी किमान 12 महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेला असावा, वस्तू किमान 6 महिने वापरातली असावी आणि राहायला गेल्यापासून 12 महिन्यांच्या आत ती तिकडे पोहोचावी. त्यानंतर वर्षभर ती विकता येत नाही, कुणाला वापरायलाही देता येत नाही. दिली तर माफ झालेली ड्युटी भरावी लागते. दारू आणि तंबाखूला ही माफी नाही.

इंग्लंडच्या अटी साधारण अशाच आहेत, फक्त तिथे सामान पाठवण्याआधी 'टीओआर 1' नावाचा ऑनलाइन अर्ज करून मंजुरीचा नंबर घ्यावा लागतो. अमेरिकेत फर्निचर, भांडी, सतरंज्या, पुस्तके असे घरसामान परदेशात वर्षभर वापरलेले असावे लागते, फॉर्म 3299 नंबरचा. कॅनडात एक गोष्ट अनेकांकडून सुटते. मागून बोटीने येणाऱ्या सामानाची यादी पहिल्यांदा विमानतळावर उतरता त्याच दिवशी अधिकाऱ्यापुढे ठेवायची असते. नंतर आठवले म्हणून चालत नाही. सोन्याचे दागिने मागून न्यायचे असतील तर तेही त्याच यादीत हवेत. 

ऑस्ट्रेलियाचीही 12 महिने वापराची अट आहे. पण तिथे ड्युटीपेक्षा माती, बी-बियाणे आणि लाकूड यांची तपासणी कडक. शेतात वापरलेली चप्पल, बूट धुऊन पुसूनच डब्यात घालावेत. तळाला चिखल दिसला तर सामान अडते आणि साफ करण्याचा खर्च मालकाच्या माथी पडतो. केरसुणी, सूप, दुरडी, पोळपाट-लाटणे, उखळ हे सगळे यादीत लिहून दाखवावे. लाकडाला साल किंवा भुंगा असेल तर ते तिथेच संपले समजा.

आता सोलापुरी चादरीचे. घरात वापरायच्या चार-सहा चादरी, आठ-दहा टॉवेल कुणी अडवत नाही. पण पाहुण्यांना वाटायला म्हणून लेबल लावलेल्या, पिशवीत बंद चाळीस चादरींचा गठ्ठा घरसामानाच्या डब्यात निघाला, तर त्याला कोणताही अधिकारी घरसामान म्हणणार नाही. त्यावर ड्युटी लागेलच, शिवाय यादी खोटी लिहिली म्हणून सगळे डबे उघडले जातील.

काळा मसाला आणि खसखस

हा भाग आखातात जाणाऱ्यांनी नीट वाचावा. ड्युटी चुकली तर पैसे जातात, इथे चुकले तर माणूस आत जातो.

खसखस ही आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी साधी वस्तू आहे. काळ्या मसाल्यात, अनारशात, डिंकाच्या लाडवात ती असतेच. पण ते अफूचे बी आहे. अमिराती, सौदी, कतार या देशांत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. बाळंतिणीसाठी पाठवलेले लाडू असोत की आईने कुटून दिलेला मसाला, त्यात खसखस असेल तर तो पाठवू नये. मसाला पाठवायचाच असेल तर खसखस वगळून वेगळा कुटावा. गुटखा, मावा, पानमसाला यांचेही तसेच, बॅगेत सापडला तर निस्तरणे अवघड.

औषधांतही हाच धोका आहे. गुडघेदुखी, कंबरदुखीवर देतात त्या ट्रामाडॉलच्या गोळ्या आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. अमिरातीत अशी औषधे न्यायला तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जाताना त्यांच्या गोळ्यांची पिशवी आधी तपासून घ्यावी.

आणि शेजाऱ्याने, भावकीतल्या कुणी 'एवढं पोरापर्यंत पोचव' म्हणून दिलेले बंद पाकीट. मुंबईचे एक दाम्पत्य 2019 मध्ये कतारला गेले. जवळच्या नात्यातल्या बाईने त्यांच्याजवळ पाकीट दिले होते. विमानतळावर त्यात चरस निघाले. बाई गरोदर होती, तिला मुलगी तुरुंगातच झाली. दोघांना 10 वर्षांची शिक्षा लागली. भारतातल्या अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने तपास करून पुरावे पुढे आणले, तेव्हा 2021 मध्ये ते निर्दोष सुटून परत आले. नाते जपायचे म्हणून बंद पाकीट घेऊ नये. समोर उघडून दाखवायला सांगावे, राग आला तर येऊ द्यावा.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला तूप, खवा, पनीर, मटणाचे पदार्थ आणता येत नाहीत, बॅगेतूनही नाही आणि पार्सलनेही नाही. कढीपत्त्याची ताजी जुडी, पेरायचे मेथीचे बी, तुळशीचे रोप यांना आपल्याकडच्या कृषी खात्याचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. शेंगाचटणी, पापड, भाजलेला मसाला ही कोरडी वस्तू आहे, तिची एवढी अडचण येत नाही.

आपल्या बाजूने काय अडते

तिकडच्या कस्टमची भीती सगळ्यांना असते, पण काही वस्तू मुंबईतच अडतात. देवघरातले जुने टाक, पितळी मूर्ती, समया पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षांपेक्षा जुनी मूर्ती किंवा कलावस्तू, आणि 75 वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखित पोथी, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे आहे. टाक जुना दिसतो पण तेवढा जुना नाही, असे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असे प्रमाणपत्र मिळते. ते काढायला वेळ लागतो, म्हणून तिकिटाच्या आधी त्याच्या मागे लागावे. घराण्याचे टाक थोरल्या भावाकडे ठेवून नवे घडवून नेणारी कुटुंबे आहेत, आणि तेच शहाणपणाचे वाटते.

मोरपिसे बाहेर नेण्यावर बंदी आहे, चारच असली तरी. हस्तिदंती बांगड्या, कातडे, शिंगे नाहीतच. चंदनाच्या कच्च्या लाकडाच्या निर्यातीवर निर्बंध आहेत, तेव्हा सहाणेसोबतचे खोड घरीच ठेवावे.

दागिने अंगावर घालून जाणाऱ्या बायकांनी मुंबई विमानतळावर निघतानाच कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी दागिन्यांचे बिल किंवा सोनाराकडचा मूल्यांकनाचा दाखला आणि फोटो जवळ ठेवावेत. हा कागद असला की येताना 'हे आमचेच, इथूनच नेलेले' हे सिद्ध करावे लागत नाही. अर्धा तास लवकर निघावे लागते, एवढेच.

ड्युटी माफ, खर्च माफ नाही

बोटीने सामान जाते ते न्हावाशेवा बंदरातून. अख्खा कंटेनर भरेल एवढे सामान आपल्या घरात सहसा नसते, म्हणून दुसऱ्यांच्या मालासोबत जागा घ्यावी लागते. तिचा दर घनमीटरवर असतो, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या जागेचा. बहुतेक कंपन्या कमीत कमी एका घनमीटरचे पैसे धरतात. सोलापूरहून ट्रकभाडे, पॅकिंग, इकडची कागदपत्रे, बोटीचे भाडे असा खर्च कंपनी सांगते. पण तिकडच्या बंदराचा हाताळणी खर्च, डिलिव्हरी ऑर्डर आणि तिथल्या एजंटाची फी पुष्कळदा त्या आकड्यात नसते. सामान पोहोचल्यावर काही दिवस मोकळे मिळतात, नंतर रोजचे भाडे चढते. त्यामुळे कोटेशन घेताना 'दारापर्यंत का बंदरापर्यंत' एवढे लेखी विचारून घ्यावे.

गावातल्या सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेऊ नये. जहाजाने जाणाऱ्या लाकडी पेटीला उष्णता देऊन कीड मारलेली असावी लागते आणि तिच्यावर 'आयएसपीएम 15' चा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर पेटी परत जाते किंवा जाळली जाते. जाड पुठ्ठ्याचे डबे किंवा पत्र्याची ट्रंक बरी.

यादी इंग्रजीत, डबा नंबरप्रमाणे करावी. प्रत्येक वस्तूपुढे नग, अंदाजे किंमत आणि 'वापरलेले' असे लिहावे. 'किचन आयटम' असे मोघम लिहिलेला डबा सगळ्यात आधी उघडला जातो. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती आणि मोठ्या वस्तूंची जुनी बिले सोबत ठेवावीत. नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहावे.

आणि काय न्यायचे याचा विचार आधी करावा. अमेरिका, कॅनडात वीज 120 व्होल्टची आहे, आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे चालत नाही. कुकर, तवा, पुरणयंत्र नेले तर उपयोगी पडते. लोखंडी कपाट आणि पलंग नेण्याच्या खर्चात तिकडे नवे येते.

मागे राहिलेल्यांचे पार्सल

मुलगा गेल्यावर आई-वडील फराळ, कपडे पाठवतात. त्याला घरसामानाची माफी लागू नाही, ते भेटवस्तूत येते. युरोपीय संघात घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेली 45 युरोपर्यंतची भेट माफ असते. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली, 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंपुरती ती ठेवली गेली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले होते. ती 15 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सुरू झाली, पण ड्युटी बुकिंगच्या वेळीच पाठवणाऱ्याकडून घेण्याची पद्धत आली. पार्सलवर किंमत खरी लिहावी. कमी लिहून हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते.

कायमचे परत येणाऱ्यांसाठी आपल्या देशाचेही असेच नियम आहेत. माणूस किती काळ बाहेर राहिला त्यावर माफीची रक्कम ठरते. 2016 च्या बॅगेज नियमांत साध्या प्रवाशाला 50,000 रुपयांची आणि दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला घरसामानावर 5 लाखांपर्यंतची मर्यादा होती. 2 फेब्रुवारी 2026 पासून बॅगेज नियम 2026 लागू झाले. त्यात साध्या प्रवाशाची मर्यादा 75,000 रुपये झाली, आणि वर्षापेक्षा जास्त बाहेर राहून येणाऱ्या बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम दागिने किंमत न बघता आणता येतात. व्हॉट्सॲपवर अजून जुनेच आकडे फिरत आहेत. निघण्याआधी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघून घ्यावा.