वॉल्टर पिस्टन : नियमांआधी संगीत मानणारे प्राध्यापक

अमेरिकन संगीतरचनाकार व संगीतशास्त्राचे प्राध्यापक वॉल्टर पिस्टन यांचा जन्म १८९४ मध्ये मेन राज्यातील रॉकलंड येथे झाला. १९२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मिळवल्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे अध्ययन केले. १९२६ ते १९६० या काळात ते हार्वर्डमध्ये अध्यापन करीत होते. लेनर्ड बर्नस्टाईन व इलियट कार्टर हे त्यांचे विद्यार्थी होत.

‘हार्मनी’ (१९४१), ‘काउंटरपॉइंट’ (१९४७) आणि ‘ऑर्केस्ट्रेशन’ (१९५५) ही त्यांची पाठ्यपुस्तके प्रसिद्ध आहेत. स्वरमेळाचे नियम रचनेच्या आधी ठरत नाहीत. १८ व्या व १९ व्या शतकांतील रचनाकारांच्या प्रत्यक्ष कृतींतून ते शोधावे लागतात, अशी त्यांची भूमिका होती. सिंफनी-रचनेसाठी १९४८ व १९६१ मध्ये त्यांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले.