खडीचा रस्ता आणि चाकातली हवा

पावणे हे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे, मूळचे खाडीकाठचे गाव. १९६० च्या दशकापासून या पट्ट्यात औद्योगिक वसाहत उभी राहत गेली. गावाच्या पूर्वेला पारसिक डोंगराची रांग आहे. तिथल्या खाणींतून निघालेली खडी अनेक वर्षे नवी मुंबईच्या बांधकामांना आणि रस्त्यांना पुरली. अशा खडी उखडलेल्या रस्त्याने पाळीला निघालेला कामगार डोळ्यांसमोर आणा. काळी, उंच, दणकट सायकल, हँडलला डब्याची पिशवी. डबा खडखडतो, मडगार्ड वाजते, पण माणूस बऱ्यापैकी निवांत बसलेला असतो.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : रस्त्याचा धक्का या माणसापर्यंत पोचताना वाटेत कोण अडवतो? कोणी सीटच्या स्प्रिंगा म्हणेल, कोणी चाकाच्या तारा म्हणेल. बारीक तारा लवत असतील, हा तर्क साहजिक आहे. तो बरोबर आहे का, हे चाकाच्या इतिहासातूनच तपासता येते.

सुरुवात बैलगाडीपासून करू. तिच्या चाकाला मध्ये तुंबा, त्यात बसवलेले लाकडी आरे, त्यांच्या टोकांना जोडलेला लाकडी परिघ आणि त्यावर लोखंडी धाव असते. धाव परिघापेक्षा किंचित लहान करतात, तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि सगळे लाकूड आत दाबून धरते. प्रसरण-आकुंचन शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. चाक मजबूत होते, पण लवत मात्र नाही. दगड लागला की धक्का सरळ आसावर आणि तिथून जुवाखालच्या बैलांच्या मानेवर जातो.

सायकलीची सुरुवातही याच चाकाने झाली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पायट्यांची दुचाकी निघाली. तिला लाकडी चाके आणि लोखंडी धावा होत्या. इंग्रजांनी तिचे नाव ‘हाडे खिळखिळी करणारी’ अशा अर्थाचे ठेवले, ते उगीच नाही.

पुढची सुधारणा तारांची. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने १८०८ मध्येच ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना मांडली होती. १८६९ च्या सुमारास पॅरिसच्या युजीन मेयर याने ती सायकलीत आणली आणि १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली याने तारा तिरप्या, स्पर्शरेषेच्या दिशेने बसवल्या. लाकडी आरा दाबला जाऊन भार पेलतो. तार दाबली तर वाकेल, म्हणून ती आधीच ताणून बसवतात. माणूस बसला की तुंब्याखालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, आणि भार पेलला जातो तो याच बदलातून. चाक अतिशय हलके झाले, पण मऊ झाले का? नाही. मागच्या चाकावर ४० किलो वजन आले, तर अशी रिम जेमतेम मिलिमीटरच्या दशांशाइतकी लवते. तारांनी वजन वाचवले, हाडे वाचवली नाहीत. चाकांवर भरीव रबर लावले, त्यानेही थोडाच फरक पडला.

खरे उत्तर त्याआधीच सापडले होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचे आवरण असा तो टायर घोडागाडीला बसवला होता. गाडी ओढायला किती जोर लागतो, हेही मोजले गेले. गुळगुळीत रस्त्यावर जोर कमी लागलाच, पण नव्याने टाकलेल्या फोडीव दगडांवर बचत त्याहून कितीतरी जास्त झाली. थोडक्यात, हवेचा सर्वांत मोठा फायदा खडीच्या रस्त्यावर दिसला. पण तो टायर महाग होता आणि सायकलीचा जमाना अजून यायचा होता. शोध विस्मृतीत गेला.

पुढे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हाच शोध पुन्हा लावला आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे रद्द ठरले, पण टायर मात्र टिकला. १८८९ च्या शर्यतींत विली ह्यूम हा सायकलपटू हवेच्या टायरवर जिंकला आणि भरीव रबराचे दिवस भरले.

याच १८८८ सालाशी आपल्याकडची एक गोष्ट जोडलेली आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना सायकलीने ओढले. त्यांनी आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मोजतात. नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी हे सगळे नंतरचे. सुरुवात एका शिक्षकाच्या सायकलीपासून झाली.

हवेच्या टायरमुळे सायकल कच्च्या रस्त्यावर दूरवर जाऊ लागली. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीने जगाच्या सफरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण-इराकची वाळवंटेही ओलांडून, सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले.

आता हिशेब पाहू. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब आणि चाकावर ४० किलो भार असेल, तर टायर जमिनीला साधारण १० चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब अडीच किलो केला की १६ चौरस सेंटिमीटर. जास्त टेकणारा टायर जास्त दबतो आणि खडीचा टोकदार दगड स्वतःत सामावून घेतो. रिम मिलिमीटरच्या दशांशाइतकी लवते, तिथे टायर काही मिलिमीटर दबतो. स्प्रिंगा एकापुढे एक जोडल्या की सर्वांत मऊ स्प्रिंगच बहुतेक काम करते. इथे ती स्प्रिंग म्हणजे हवा.

मग शर्यतीचे सायकलपटू शंभर वर्षे अरुंद टायर दगडासारखे कडक का फुगवत राहिले? कारण गुळगुळीत पृष्ठभागावर कडक टायर खरोखर सहज फिरतो. खडबडीत रस्त्यावर मात्र एका मर्यादेनंतर हिशेब उलटतो. प्रत्येक दगडावर माणूस आणि सायकल वर उचलली जाते. त्या हादऱ्यातली ऊर्जा शरीरात उष्णता होऊन वाया जाते आणि ती भरून काढावी लागते पायांनी. फ्रान्समध्ये व्हेलोसियो या टोपणनावाने लिहिणारा पॉल द व्हिव्ही हा विसाव्या शतकाच्या आरंभीच रुंद टायरांची बाजू मांडत होता. शर्यतीच्या जगाने ते मनावर घेतले फार उशिरा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशात खडीच्या रस्त्यांसाठी ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाची सायकल लोकप्रिय झाली. तिच्या टायरची रुंदी बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपास असते. आणि आपल्या काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाचा टायर? दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर! दूधवाले, पोस्टमन आणि पाळीचे कामगार अशा टायरवर कित्येक वर्षे खडी तुडवत आले आहेत.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. साखर कारखान्यांच्या भागात उसाच्या बैलगाड्यांना हवेचे टायर आले. टायरगाडी ओढायला सोपी, बैलाच्या मानेला धक्के कमी. पण ओढायला सोपी म्हणून तिच्यावर ऊस जास्त भरला जाऊ लागला, आणि वाचलेला जोर बैलाच्या विश्रांतीऐवजी वाढीव वजनात गेला. चाक सुधारले की ओढणाऱ्याचे कष्ट आपोआप कमी होतात, असे नाही. हा मुद्दाही वर्गात चर्चेला घ्यावा.

एक प्रयोग सहज करता येईल. मागच्या टायरला ओला खडू फासा, चाक आलेख कागदावर ठेवा आणि एका विद्यार्थ्याला सीटवर बसवून दोघांनी सायकल धरा. उमटलेल्या ठशाचे चौरस मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. मग पाण्याने काठोकाठ भरलेला पेला कॅरिअरला बांधून दोन्ही वेळा सायकल खडीवरून सारख्याच अंतरापर्यंत हातात धरून न्या आणि किती पाणी सांडले ते पाहा. हवा फार कमी झाली तर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिरडते, हेही सांगा. म्हणजे योग्य दाब भारावर आणि रस्त्यावर ठरतो, हे मुले स्वतःच शोधून काढतील.