स्पंजाच्या पोटातले जग

फ्लोरिडाच्या टोकापलीकडे, मेक्सिकोच्या आखातात, ड्राय टॉर्टुगास नावाची चिमुकली बेटे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे कार्नेगी संस्थेची सागरी प्रयोगशाळा होती. ए. एस. पिअर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांनी तिथे एक अवाढव्य लॉगरहेड स्पंज पाण्याबाहेर काढला, त्याचे तुकडे केले आणि आत सापडलेला एकेक जीव मोजला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात या एका स्पंजातल्या प्राण्यांचा आकडा १७ हजारांच्या वर जातो. त्यातल्या १६ हजारांहून अधिक कोळंब्या एकाच जातीच्या होत्या: सिनॅल्फियस ब्रुक्साय, बोटाच्या पेराहूनही लहान.

स्पंजातल्या रहिवाशांवर लिहिणारा बहुतेक प्रत्येक जण आजही या मोजणीपाशी एकदा थांबतो. आकडा थक्क करणारा आहे, हे त्याचे एक कारण. माझ्या मते महत्त्वाचे कारण दुसरे आहे. एकाच जातीचे इतके जीव एका ठिकाणी का, हा प्रश्न त्या आकड्यातच दडलेला होता. तो नीट विचारला जायला आणखी साठेक वर्षे लागली.

त्याकडे वळण्यापूर्वी यजमानाची ओळख करून घेऊ. स्पंज हा प्राणी आहे. त्याला तोंड नाही, आतडे नाही, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. अंगभर सूक्ष्म रंध्रे असतात, त्यांतून पाणी आत येते आणि मोठ्या छिद्रांवाटे बाहेर पडते. एडिंबराच्या रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास हा प्रवाह बारकाईने पाहून त्याची दिशा नक्की केली. प्रवाह निर्माण करतात आतल्या पोकळ्यांना अस्तरासारख्या लागलेल्या कॉलर पेशी. प्रत्येक पेशीचा एक चाबूक अखंड हलत असतो आणि पेशीभोवतीची बारीक कॉलर पाण्यातले जीवाणू गाळून घेते. दिवसभरात स्पंज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असे आतबाहेर करतो. या सगळ्याला आधार असतो तो सिलिका किंवा चुन्याच्या कंटिकांचा, काहींत स्पंजिनच्या तंतूंचा.

आता हेच एखाद्या सूक्ष्म खेकड्याच्या किंवा कृमीच्या बाजूने पाहा. वळणावळणाचे बोगदे, त्यांतून सतत वाहणारे ताजे पाणी, पाण्याबरोबर येणारे अन्नकण. शिवाय टोचऱ्या कंटिका आणि बऱ्याच जातींत विषारी रसायने, त्यामुळे माशांची सहसा तोंड घालायची छाती होत नाही. खडकाच्या कपारीत निवारा मिळतो, पण कपार कोणासाठी पाणी ओढत नाही. स्पंजाचे वेगळेपण इथे आहे. त्याला नुसते ‘घर’ म्हणून मोकळे होणाऱ्या वर्णनांवर माझा रोष आहे तो यासाठी. हे घर खाते, वाढते, जखम भरून काढते, आणि कधी प्रवाह मंदावून जवळजवळ थांबवतेही. आत राहणाऱ्याला त्या सगळ्याशी जुळवून घ्यावे लागते.

आता पिअर्स यांना सापडलेल्या त्या सिनॅल्फियस कोळंब्यांकडे वळू. त्यांचा एक पंजा दुसऱ्याच्या मानाने फारच मोठा असतो. तो झटक्यात मिटला की पाण्याची बारीक चिळकांडी उडते आणि चुटकी वाजवल्यासारखा आवाज होतो. जे. एमेट डफी यांनी बेलीझच्या प्रवाळभित्तीवर याच कुळातल्या सिनॅल्फियस रेगॅलिस या जातीचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९९६ साली ‘नेचर’मध्ये आला आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. एका स्पंजात तीनशेपर्यंत कोळंब्या, आणि अंडी घालणारी मादी एकच! इतर प्रौढ प्रजननात पडत नाहीत, त्यांतले मोठे नर घुसखोराच्या अंगावर धावून जातात. मुंग्या-मधमाश्यांत सापडणारी ही समाजरचना समुद्रातल्या प्राण्यात पहिल्यांदाच आढळली होती.

याचे स्पष्टीकरण पुन्हा स्पंजापाशीच येते. बहुतेक कोळंब्यांची पिल्ले डिंभावस्थेत पाण्यावर तरंगत दूर निघून जातात. रेगॅलिसची अंडी फुटतात तेव्हा चालती पिल्लेच बाहेर येतात आणि ती जन्मल्या स्पंजातच राहतात. त्यामुळे वसाहत म्हणजे एकच विस्तारलेले कुटुंब. राहण्याजोगे स्पंज मोजके, बहुतेक आधीच कोणी ना कोणी अडवलेले. बाहेर जाऊन नवी जागा मिळवण्यापेक्षा आहे ती राखलेली बरी. पिअर्स यांच्या स्पंजातली ब्रुक्साय हीदेखील अशीच समाजशील जात असल्याचे पुढे दिसून आले. तिच्या वसाहतीत अंडी घालणाऱ्या माद्या मात्र अनेक असतात. म्हणजे १९३२ च्या त्या यादीत एक अख्खा समाज नोंदवला गेला होता, केवळ संख्येच्या रूपात.

कोळंब्यांइतकेच चक्रावून टाकणारे आहेत कृमी. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेत फिलिपिन्सजवळच्या खोल पाण्यातून आलेल्या काचस्पंजात फांद्या फुटलेला एक कृमी मिळाला. विल्यम मॅकिन्टॉश यांनी १८७९ मध्ये त्याचे वर्णन केले: सिलिस रॅमोसा. त्यानंतर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरातून रॅमिसिलिस मल्टिकॉडाटा ही जात नोंदली गेली. तिचे एकच डोके स्पंजाच्या बुडाशी खोल गाडलेले असते. तिथून शरीराला फाटे फुटत जातात, फाट्यांना पुन्हा फाटे, स्पंजाच्या कालव्याकालव्यांतून. शेकडो शेपट्या स्पंजाच्या पृष्ठभागावर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वळवळताना दिसतात. प्रजननकाळी शेपटीचे टोक डोळे घेऊन सुटे होते आणि पोहत निघून जाते. पचननलिका सगळ्या फांद्यांतून गेलेली असते, पण तपासली तर जवळजवळ रिकामी सापडते! एवढे मोठे शरीर पोसते कशावर, हा प्रश्न एखाद्या तरुण अभ्यासकाने अवश्य उचलावा.

व्हीनसच्या फुलांच्या परडीबद्दल बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. या काचस्पंजाच्या जाळीत कोळंबीची जोडी लहानपणी शिरते, वाढून मोठी होते आणि मग बाहेर पडू शकत नाही. जपानमध्ये तो लग्नात भेट देण्याची रीत होती. गोष्ट गोड आहे. तिच्या गोडव्यामुळे ती जोडी आत खाते काय, हे विचारायचे राहून जाते, एवढीच माझी तक्रार.

रहिवासी यजमानाला काय देतो? कॅलिस्पाँजिया या नळीदार स्पंजावर ऑफिओथ्रिक्स लिनिएटा हा लांब, नाजूक भुजांचा ब्रिटल स्टार राहतो. तो स्पंजाच्या अंगावर साचलेला गाळ टिपून खातो आणि स्पंजाची रंध्रे मोकळी राहतात. याउलट हॅप्लोसिलिस प्रजातीतले बारीक कृमी स्पंजाचेच ऊतक खातात. एकाच स्पंजात दोन्ही प्रकारचे पाहुणे असू शकतात. म्हणून ‘सहजीवन’ हा शब्द या विषयात जपून वापरावा. नाते जातीजातीने आणि कधी ऋतूनुसारही तपासावे लागते.

स्पंज इतर जीवांना निवाऱ्याबरोबर अन्नही पुरवतो. २०१३ मध्ये यास्पर द खूय आणि सहकाऱ्यांनी कुरासाव बेटाच्या प्रवाळांवर दाखवले, की पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य, जे बहुतेक प्राण्यांना थेट खाता येत नाही, ते स्पंज शोषून घेतो आणि जुन्या पेशी झपाट्याने टाकत राहतो. हे टाकलेले कण मग छोट्या प्राण्यांच्या पोटात जातात. आणि स्पंज गेले तर काय होते, ते फ्लोरिडा उपसागरात दिसले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नीलहरित जीवाणूंच्या बहराने तिथले स्पंज मोठ्या प्रमाणावर मेले. त्यांच्या आडोशाला राहणारे कोवळे शेवंड उघड्यावर पडले. पुढे तिथल्या पाण्यातले आवाज ध्वनिमुद्रित केले गेले, तेव्हा निरोगी तळाच्या तुलनेत कोळंब्यांच्या चुटक्या फारच कमी ऐकू आल्या.

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकातले स्पंजांचे एक मोठे जाणकार, हेन्री जॉन कार्टर, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर होते. मुंबई बेटावरच्या तलावांतल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर त्यांनी १८४० च्या दशकात लेख लिहिले आणि त्यांतल्या एका स्पंजाला स्पाँजिला कार्टेराय हे नाव स्पंजांचे अभ्यासक बॉवरबँक यांनी पुढे कार्टर यांच्या सन्मानार्थ दिले. सागरी स्पंज पाहायला कोकणातला कोणताही खडकाळ किनारा पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या खोल ओहोटीला कातळाच्या खालच्या, सावलीतल्या बाजूला वाकून पाहिले की केशरी, पिवळसर, मातकट थर दिसतात. शक्यतो ते उपटू नयेत. भिंगातून पृष्ठभाग न्याहाळला तरी छिद्रातून डोकावणारी एखादी भुजा किंवा मिशी नजरेला पडते.

अभ्यासासाठी तुकडा घ्यावाच लागला तर तो सुटा करण्याआधी त्यावर बारीक जाळीची पिशवी घालावी; हलवल्याबरोबर अर्धे रहिवासी पळतात. मग तुकडा समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात ठेवावा; त्या पाण्यातला प्राणवायू कमी होत गेला की उरलेले आपणहून बाहेर येतात. स्पंजाचे आकारमान नोंदवावे, नुसते वजन नाही, कारण वजन अंगातल्या पाण्यानुसार फार बदलते. आणि यजमानाची जात ठरवण्यासाठी छोटासा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून उरलेल्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. यजमान कोण हे न लिहिता केलेल्या रहिवाशांच्या याद्या संग्रहालयांत ढिगाने पडून आहेत, आणि त्यांचा उपयोग फारच थोडा.