बाडी: छत्तीसगढच्या परसाचा इतिहास

ज्या मुलखाचा वसूल एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरी जमा होत असे, 1854 साली ज्यावर इंग्रजांचा अंमल बसला आणि 1906 साली ज्यातून दुर्ग जिल्हा निराळा काढण्यात आला, त्या छत्तीसगढात राजवटी पालटल्या तरी गृहस्थाश्रमाची एक व्यवस्था दीर्घकाळ टिकून राहिली. ती म्हणजे घरामागची बाडी. धानाची शेती पावसाच्या मर्जीवर अवलंबून, तेव्हा भाजीपाल्याचा भार या कुंपणबंद तुकड्यावरच पडे. गोठ्यातले शेण व चुलीतली राख घुरव्यात, म्हणजे उकिरड्यात, कुजून खत होई. त्यावर लाल भाजी, अंबाडी, अळू वाढे आणि छपरावर रखिया, अर्थात कोहळा, चढे. थंडीत त्याचा कीस उडदाच्या वाटलेल्या डाळीत फेसून घातलेल्या वड्या उन्हात कडकडीत वाळल्या, की तुटवड्याच्या दिवसांची बेगमी होई. आपल्याकडील सांडग्यांचेच हे भावंड.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारानुसार याच दुर्ग जिल्ह्यातील भिलाईस पोलाद कारखाना आला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि आज जेथे वैशाली नगरासारख्या वस्त्या आहेत त्या परिसरात दरमहाचा पगार हीच नवी बेगमी ठरली. 2018 नंतर राज्य सरकारने ‘नरवा, गरुवा, घुरवा, बाडी’ ही योजना आखली, तेव्हा ओढा, गुरे, उकिरडा आणि परस या जुन्या आधारांना राजमान्यता लाभली खरी. परंतु जे प्रत्येक घर आपखुशीने करीत असे, त्यास सरकारी योजनेची गरज भासावी, यात त्या व्यवस्थेच्या ऱ्हासाची कबुलीही आहे.